दोरांचं ऑफिस

अंजली ओव्हाळ सहा वर्षं माणच्या एका आयटी इमारतीच्या तळघरात बसून वरच्या अकरा मजल्यांची हवा सांभाळत होती. समोर दोन स्क्रीन, हाताशी एक फोन. चौथ्या मजल्यावरून फोन यायचा, थंडी वाजतेय. ती म्हणायची, "करते कमी." पाच मिनिटांनी त्याच मजल्यावरून दुसरा फोन यायचा, उकडतंय. ती म्हणायची, "करते." तळघरात तिला स्वतःला काय होतंय, हे विचारणारा फोन कधी आला नाही.

त्या इमारतीत खांबाखांबावर तापमान कमी-जास्त करायचे छोटे पांढरे डबे होते. त्यांतले निम्मे कशालाच जोडलेले नव्हते. पहिल्याच दिवशी तिच्या वरिष्ठांनी तिला हे समजावून सांगितलं. "माणसाला हवा नको असते, बटण हवं असतं," ते म्हणाले. अंजलीला हे पटलं नाही. पण खोट्या डब्यांच्या आसपास बसणाऱ्या लोकांचे फोन खरोखरच कमी यायचे, हे तिनं पुढे स्वतः मोजलं.

मग कंपनीनं सात मजले सोडून दिले आणि उरलेल्या चार मजल्यांची हवा हैदराबादहून चालवायचं ठरवलं. अंजलीला निरोप म्हणून एक कुंडी मिळाली.

चार महिन्यांनी तिला चाकणजवळ कुरुळीत नोकरी लागली. गाड्यांच्या सीटखाली लागणारे पत्र्याचे भाग बनवणारी ही कंपनी विजयश्री मॅडमच्या वडिलांनी काढली होती. आता मॅडम ती चालवत होत्या. डिझाइन आणि खरेदी विभागाच्या अठ्ठावन्न लोकांसाठी त्यांनी प्रेस शॉपच्या, म्हणजे जिथं मशीनवर पत्रा दाबून भाग काढतात त्या, शेडला लागूनच नवीन ऑफिस बांधून घेतलं होतं. आर्किटेक्ट होता निरंजन राजवाडे. तो पुण्याहून पंधरा दिवसांतून एकदा यायचा आणि आला की आधी भिंतींना हात लावून बघायचा.

ऑफिसात एसी नव्हता. पंखेही नव्हते. दीड फूट जाड विटांच्या भिंती होत्या. उत्तरेच्या खिडक्यांखाली पाण्याचं टाकं होतं, म्हणजे हवा त्यावरून येताना जरा गार होऊन यावी. मधोमध धुराड्यासारखा उंच मनोरा होता, म्हणजे गरम हवा त्यातून वर निघून जावी. आणि भिंतींवर, छताला मिळून शहाण्णव लाकडी झडपा होत्या. त्या उघडायला-मिटायला सोळा दोर होते. एका दोराला सहा झडपा, आणि एका दोराभोवती साधारण चार माणसं.

"चोवीस डिग्री कुणी ठरवलं?" निरंजननं मुलाखतीत विचारलं.

"फॅसिलिटी मॅनेजरनं," अंजली म्हणाली.

"तसं नव्हे. माणसाला चोवीस डिग्रीच हवी असते, हे कुणी ठरवलं?"

"आमच्याकडं फॅसिलिटी मॅनेजरनंच ठरवलं होतं, सर. आधी बावीस होतं."

निरंजनला हे उत्तर इतकं आवडलं, की त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

त्याचं म्हणणं असं होतं, की हवा यंत्राच्या ताब्यात गेल्यापासून शेजारी-शेजारी बसणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलायचं कारणच उरलेलं नाही. इथे दोर ओढायच्या आधी त्या दोरावरच्या बाकी तिघांना विचारायचं. एवढा एकच नियम. अंजलीनं दोराला हात लावायचा नाही. कुणी, किती वाजता, कुठला दोर, का ओढला, आणि त्या वेळी तापमान किती होतं, एवढं रजिस्टरमध्ये लिहायचं. रोजच्या तक्रारीही लिहायच्या.

"आणि सर्व्हर?" अंजलीनं विचारलं.

"तो जुन्या बिल्डिंगमध्ये आहे. तिथं एसी आहे," निरंजन म्हणाला. "सर्व्हरला विचारता येत नाही ना."

घरी, पिंपरीत, तिनं वडिलांना नोकरी कसली ते सांगितलं. ज्ञानदेव ओव्हाळ एकतीस वर्षं एका कारखान्याच्या कॉम्प्रेसर हाउसमध्ये होते आणि त्यातली वीस वर्षं युनियनमध्ये. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे पंखे बसवायचे राहिलेत?"

"नाही पप्पा. बसवायचेच नाहीत. मुद्दाम."

"आम्ही पंख्यासाठी अकरा दिवस संप केला होता," ते म्हणाले. "पाऊण इंच जास्त पात्याचे मिळाले." मग त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऑफिस छान चाललं. लोक पाहुण्यांना मनोरा दाखवायला न्यायचे. खाली उभं राहून वर कागदाचा कपटा सोडायचे आणि तो वर जाताना बघायचे. फक्त अकरा नंबरच्या दोरावर शांतता नव्हती.

त्या दोरावर खरेदी विभागाचे बबनराव आणि टूल डिझाइनची पूनम असे दोघं समोरासमोर बसायचे. बबनराव चोपन्न वर्षांचे, सर्दीचा कोठा, दिवाळीपासून होळीपर्यंत अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. पूनम पस्तिशीची, तिची पाठ पश्चिमेच्या भिंतीकडं, तिला सकाळी दहापासून घाम. दोन वर्षांपूर्वी एका डायच्या, म्हणजे प्रेसच्या साच्याच्या, ऑर्डरवरून दोघांचं वाजलं होतं आणि तेव्हापासून ते एकमेकांना फक्त ईमेल करायचे. नियमाप्रमाणे आता दोराआधी बोलणं भाग होतं. त्यांनी त्यातूनही मार्ग काढला.

"मॅडम, त्यांना विचारा, झडप अर्धी मिटली तर चालेल का," बबनराव अंजलीला म्हणायचे. पूनम दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची.

"चालणार नाही म्हणून सांग," पूनम म्हणायची.

"सर, चालणार नाही."

"का, ते विचारा."

अंजलीनं रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात एकदा लिहिलं, 'डाय'.

मार्च संपता संपता चाकणची हवा तापली. झडपा उघडल्या की रस्त्यावरची धूळ ड्रॉइंगवर बसायची, मिटल्या की डोकं भणभणायचं. आत बाहेरच्यापेक्षा चार-पाच डिग्री कमी असायचं, हे अंजली रोज लिहायची. पण बाहेर एकेचाळीस असेल तर आतल्या छत्तीसचं कौतुक कुणाला वाटणार? दिवसाला तीस-तीस तक्रारी यायला लागल्या. लोक दोर विचारून ओढेनासे झाले. एका मंगळवारी दोन माणसांनी सात नंबरचा दोर दोन बाजूंनी धरला आणि दोघंही सोडेनात. विजयश्री मॅडमना जुन्या बिल्डिंगमधून यावं लागलं.

"अंजली, हे असंच चाललं तर मला काहीतरी करावं लागेल," त्या जाता जाता म्हणाल्या.

अंजलीला वाटलं, काहीतरी म्हणजे आधी आपली नोकरी. दुसरी नोकरी मिळायला चार महिने लागले होते. तिच्या घरच्या टूलबॉक्समध्ये माणच्या इमारतीतून भंगारात निघालेला एक पांढरा डबा होता. शनिवारी ऑफिस रिकामं असताना तिनं तो मधल्या खांबावर बसवला. मागून दोन वायरी काढल्या, त्या लाकडी छताच्या फटीत घातल्या आणि तिथंच सोडून दिल्या. डब्यात दोन सेल टाकल्यावर आकडा उजळला.

सोमवारी तिनं सगळ्यांना सांगितलं, की मनोऱ्याच्या वर एक पडदा आहे, तो या डब्यावरून कमी-जास्त होतो. खोटं बोलताना आपला आवाज अजिबात हलला नाही याचं तिला नवल वाटलं. आणि थोडं वाईटही.

तीस तक्रारींच्या नऊ झाल्या. बबनराव रोज दुपारी जेवून आले की जागेवर बसायच्या आधी खांबापाशी जायचे, चोवीसवर आणायचे आणि दोन मिनिटं मान वर करून उभे राहायचे. "आता कसं, खेळती लागतेय," ते म्हणायचे. आत तेव्हा तेहतीस असायचं. अंजली ते लिहायची.

पुढच्या फेरीला निरंजननं आत पाऊल टाकताच डबा पाहिला.

"हे काय आहे?"

अंजलीनं त्याला बाहेर टाक्यापाशी नेऊन खरं सांगितलं. तो लालबुंद झाला. "ही इमारत कशाच्या विरुद्ध बांधलीय ते कळतं का तुम्हाला? ह्याच्याच!" तो म्हणाला. "आत्ता काढा."

"काढते सर. एकदा नोंदी बघून घ्या."

निरंजननं तिथंच उभ्याउभ्या रजिस्टर चाळलं. नऊ, आठ, अकरा, सात. त्यानं पानं मागं-पुढं केली. मग चष्मा काढून पुसला.

"मे महिन्यात दिल्लीहून तीन परीक्षक येणार आहेत," तो म्हणाला. "आर्किटेक्चरच्या पारितोषिकासाठी. तोपर्यंत राहू द्या."

"पण सर, हे आकडे इमारतीचे नाहीत. डब्याचे आहेत."

"डबा इमारतीतच आहे ना," निरंजन म्हणाला आणि भिंतीला हात न लावताच गाडीत बसला.

अंजलीनं त्या दिवशी घरी वडिलांना विचारलं, की ती करतेय ते चूक आहे का. ज्ञानदेव म्हणाले, "आमच्या मॅनेजरनं एकदा संपानंतर पंख्यांना रेग्युलेटर बसवून दिले. पाच नंबरवर ठेवलं तरी पंखा दोननंच फिरायचा. सहा महिन्यांनी कळलं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पंखा दोननं फिरतो याचं काही वाटलं नाही. आम्हाला येडं समजला, त्याचं वाटलं."

परीक्षक आले ते दुपारी अडीचला. दोन पुरुष, एक बाई, तिघांच्याही अंगाला विमानतळावरच्या गाडीतला गारवा. निरंजननं त्यांना दोर दाखवले, झडपा दाखवल्या, मनोऱ्याखाली कपटा सोडून दाखवला. लोक आपापल्या जागी घाम पुसत काम करत असल्यासारखे बसले होते. बबनराव नेमके खांबापाशी होते. आकडा पंचवीस झाला होता, तो ते चोवीसवर आणत होते.

"हे काय नियंत्रित करतं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

निरंजन म्हणाला, "अं, ते अंजली सांगतील."

अंजलीनं बबनरावांकडं पाहिलं. त्यांचं बोट अजून बटणावर होतं. त्यांनी तिच्याकडं पाहून मान हलवली, म्हणजे सांग, सांग, चांगली वस्तू आहे.

"काही नाही मॅडम," अंजली म्हणाली. "ते कशालाच जोडलेलं नाही. मी बसवलंय. लोकांना बरं वाटावं म्हणून."

अठ्ठावन्न माना खांबाकडं वळल्या. वर मनोऱ्यात कुठलीशी झडप आपटली. बबनरावांनी बोट काढलं, ते शर्टाला पुसलं आणि जागेवर जाऊन बसले. एका परीक्षकानं निरंजनला विचारलं, हे त्याला माहीत होतं का. निरंजन म्हणाला, "हो." त्यानं नाही म्हटलं असतं तर अंजलीनं ते मान्य केलं असतं, असं तिनं नंतर स्वतःशीच कबूल केलं. पण तो हो म्हणाला.

पारितोषिक जयपूरच्या एका शाळेला मिळालं.

ऑफिसात कुणी अंजलीवर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिचा चहा तिच्या टेबलावर यायचा बंद झाला, एवढंच. डबा तिनं त्याच संध्याकाळी उतरवला. खांबावर चार भोकं राहिली. त्रेचाळीस सह्यांचा एसीचा अर्ज मॅडमकडं गेला. त्यांनी एसीवाल्यांना बोलावलं. त्यांच्या माणसानं इमारत पाहिली, झडपा मोजायला लागला आणि साठाच्या पुढं मोजायचं सोडून दिलं. या इमारतीला एसी बसवणं म्हणजे चाळणीत पाणी साठवण्यासारखं आहे, असं सांगून तो गेला.

आठ दिवसांनी बबनराव अंजलीच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मला खरंच गार लागायचं," ते म्हणाले.

"माहितीय सर. नोंद आहे."

"तेहतीसला?"

"एकदा तर चौतीसला."

बबनराव बराच वेळ रजिस्टरकडं बघत राहिले. त्यांचा राग रजिस्टरवर आहे, की स्वतःवर, की तिच्यावर, हे तिला कळेना. "मला माफ करा सर," ती म्हणाली. "तुम्हाला येडं समजून नव्हतं केलं. घाबरून केलं होतं."

"दाखवा जरा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांनी मार्चपासूनची सगळी पानं वाचली. खरेदीतला माणूस, आकडे वाचायची सवय. वाचता वाचता त्यांनी मान वर केली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा थेट पूनमला हाक मारली.

"पूनम मॅडम, हे बघा. सकाळी नऊला अठ्ठावीस. अकराला एकतीस. दीडपर्यंत बत्तीस-तेहतीस. खरी बोंब अडीचनंतर आहे."

"मग?" पूनम म्हणाली.

"मग अडीचला आपण इथं असतोच कशाला?"

कल्पना त्यांना सुचली ती हवेवरून नव्हे. ते रावेतला राहायचे आणि प्रेस शॉपच्या पहिल्या शिफ्टची बस रोज सहा दहाला त्यांच्या चौकातून अर्धी रिकामी जायची. त्यांना रोज दोन रिक्षा बदलाव्या लागत आणि ती बस दिसली की त्यांच्या जिवाचा संताप व्हायचा. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा ऑफिसही सात ते अडीच चालवावं, असा अर्ज त्यांनी लिहिला. टाइप पूनमनं केला. दोन ठिकाणी तिनं त्यांचं शुद्धलेखन सुधारलं आणि तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "करा."

विजयश्री मॅडमनी अर्ज उभ्यानं वाचला. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

"आम्ही दोर ओढत होतो," बबनराव म्हणाले.

असं ऑफिसचं वेळापत्रक बदललं. आणि ऑफिसचे लोक प्रेस शॉपच्या लोकांबरोबर एकाच बसनं यायला-जायला लागले. त्याआधी ते एकमेकांना फक्त भिंतीतल्या झडपांच्या फटीतून बघायचे.

बसमध्ये अंजलीच्या शेजारी पिंकी बसायची. पिंकी जालन्याची, कंत्राटावर प्रेस चालवायची, कुरुळीतल्या खोलीला गळती लागली म्हणून दोन महिन्यांपासून काळेवाडीला मावशीकडं राहत होती. तिसऱ्या दिवशी तिनं धीर करून विचारलं.

"ताई, तुमच्या हापिसात ते दोर ओढून काय करायलेत हो सगळे?"

अंजलीनं तिला समजावून सांगितलं. एसी का नाही, पंखे का नाहीत, नोंदी कशाच्या ठेवतात, प्रयोग काय आहे. पिंकीनं लक्ष देऊन ऐकलं.

"आमच्याकडं बी एसी नाही," ती म्हणाली. "मग आमच्यावर बी प्रयोगच चालूय का?"

अंजलीनं सहा वर्षं अकरा मजल्यांची हवा मोजली होती, सात महिने या ऑफिसची. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये ती एकदाही गेली नव्हती. त्या दिवशी दीड वाजता ती थर्मामीटर घेऊन प्रेस शॉपमध्ये गेली. ऑफिसात तेहतीस होतं. पत्र्याखाली, पिंकीच्या प्रेसपाशी, त्रेचाळीस. तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं. दोर क्रमांकाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, म्हणून लिहिलं, 'दोर नाही'. मग रोज दीड वाजता जाऊन लिहायला लागली. हे तिच्या कामात बसत नव्हतं. पण बसत नाही असंही कुणी म्हणालं नाही.

मॅडम दर सोमवारी रजिस्टर वाचायच्या. दुसऱ्या सोमवारी त्यांनी निरंजनला बोलावून घेतलं. दिल्लीचे परीक्षक येऊन गेल्यापासून तो आला नव्हता. मॅडम, निरंजन आणि अंजली प्रेस शॉपमध्ये जाऊन उभे राहिले. मशीनच्या आवाजात बोलता येत नव्हतं, त्यामुळे दहा मिनिटं नुसतेच उभे. निरंजनच्या शर्टाची पाठ आधी ठिपक्याठिपक्यांनी आणि मग सगळीच भिजली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मला इथं कुणी बोलावलं नव्हतं."

"मीही नव्हतं बोलावलं," विजयश्री मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काही विशेष नव्हतं, पण त्या दोनदा घोटभर पाणी प्यायल्या.

निरंजननं तीन आठवड्यांत नकाशा दिला. शेडच्या माथ्यावरचा पत्रा लांबीभर उघडायचा, त्यावर दीड फूट उंचीवर दुसरा पत्रा टोपीसारखा बसवायचा आणि खालच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी जाळ्या बसवायच्या. गरम हवा वर, ताजी खालून. त्यात नवीन असं काही नव्हतं, ते त्यानंच सांगितलं. नकाशात अंजलीनं एक जागा बोटानं दाखवली. तिथं जाळ्यांना झडपा आणि दोर होते.

"इथं दोर नकोत सर," ती म्हणाली.

"का? हवा त्यांच्या हातात नको?"

"प्रेस चालवताना दोन्ही हात दोन बटणांवर ठेवावे लागतात. नाहीतर मशीन चालतच नाही. बोटं तुटू नयेत म्हणून तसं केलंय. तिसरा हात नाही त्यांच्याकडं."

निरंजननं दोर खोडले. मग पेन्सिल कानावर खोचून विचारलं, "आणि पंखे?"

"बसवा," अंजली म्हणाली. "मोठ्या पात्याचे."

पावसाळा उलटून ऑक्टोबर तापला तेव्हा माथ्याचं काम पूर्ण झालं. कुणी उद्घाटन केलं नाही. दोन शिफ्टच्या मधल्या वेळात वेल्डिंगवाले खाली उतरले आणि मशीन सुरू झाली. त्या दिवशी दीड वाजता अंजली थर्मामीटर घेऊन गेली. बबनरावही बरोबर आले, उगाच, जेवण झालं होतं म्हणून. आकडा छत्तीसवर थांबला.

पिंकीनं ब्रेकला कानातले बोळे काढले.

"कसं वाटतंय?" अंजलीनं विचारलं.

पिंकीनं वर पत्र्यातल्या उजेडाच्या फटीकडं बघितलं. "गरमच आहे की ताई," ती म्हणाली. "पण आता हवा हलायलीय."

अंजलीनं वेळ लिहिली, आकडा लिहिला आणि शेरा या रकान्यात पिंकीचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. बबनरावांनी वाकून ते वाचलं, 'हलायलीय' वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे असंच ठेवायचं?"

"असंच म्हणाली ती," अंजली म्हणाली.